खेळ परत आले, माणसांची नावंही येऊ द्या

आज आपण टीव्ही गेमविषयी बोलणार आहोत. हा तर मुलांचा विषय, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. ही गोष्ट एका बाईच्या कामाची आहे, आणि त्या कामावर तिचं नाव यायला किती वर्षं लागली याची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने फॅमिकॉम नावाचं मशीन बाजारात आणलं. ते टीव्हीला जोडायचं, वरून कॅसेट खोचायची आणि खेळायचं. दोन वर्षांनी तेच मशीन वेगळ्या रूपात अमेरिकेत गेलं. १९८८ मध्ये सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने मेगा ड्राइव्ह काढलं. अमेरिकेत त्याला जेनेसिस म्हणत. पुढे नवी यंत्रं आली, जुनी माळ्यावर गेली आणि कॅसेटी दुकानांतून नाहीशा झाल्या.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आले ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकलेचे डबे. एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा असायचा; प्रत्यक्षात तेच ते दहा-वीस खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. अशा चोरट्या कॅसेटींमध्ये पुष्कळदा पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नावसुद्धा पुसलेलं असे. मारिओ सगळ्यांना ठाऊक झाला, पण तो कुणी केला हे कळायची सोयच नव्हती.

मग २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये एक गंमत झाली. निन्टेन्डोने आपलं ते जुनं मशीन तळहातावर मावेल एवढ्या आकारात पुन्हा विकायला काढलं. आत ३० खेळ भरलेले, कॅसेटची गरज नाही, नव्या टीव्हीला सरळ जोडायचं. अमेरिकेत किंमत होती साठ डॉलर. दुकानांत ते टिकेना. २०१७ च्या एप्रिलमध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं, तोवर २३ लाख मशीनं खपली होती. मागणी इतकी, की २०१८ मध्ये ते पुन्हा आणावं लागलं. मग बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सोनीने छोटं प्लेस्टेशन आणलं आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सेगाने मेगा ड्राइव्ह मिनी.

या छोट्या डब्यांत जुने सुटे भाग नसतात. आत मोबाइलमध्ये असते तशी चिप असते आणि तिच्यावर एक प्रोग्रॅम चालतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. तो जुन्या यंत्राचं सोंग घेतो. खेळाला वाटतं, आपण १९९० च्याच मशीनवर आहोत. त्यामुळे खेळ जसाच्या तसा चालतो. त्यातल्या चुका तशाच राहतात, संगीत तेच राहतं आणि शेवटी येणारी नावांची यादीही तीच राहते. आजचा आपला मुद्दा या यादीचाच आहे.

ऐंशीच्या दशकात जपानच्या खेळ कंपन्या आपल्या माणसांना खरी नावं लावू देत नसत. आपला चांगला माणूस दुसरी कंपनी पळवील, अशी त्यांना भीती होती. म्हणून यादीत टोपणनावं यायची. १९८७ मध्ये कॅपकॉम कंपनीच्या रॉकमॅन या खेळाला मानामी मात्सुमाए या तरुणीने संगीत दिलं. जगभर तो खेळ मेगा मॅन म्हणून गाजला. पण यादीत तिचं नाव छापलं गेलं ‘चांचाकोरिन मानामी’. ही चाल पुरुषांनाही सोसावी लागली, हे खरं. पण बायका मुळातच थोड्या. टोपणनावामागे त्या दडल्या, आणि बघणाऱ्यांना वाटलं, या कामात बायका नव्हत्याच.

आता ज्यांच्याविषयी मुख्यतः सांगायचं आहे त्या रिएको कोडामा. त्या १९८४ मध्ये सेगात चित्रकार म्हणून लागल्या. १९८७ मध्ये ‘फँटसी स्टार’ हा खेळ निघाला, त्यात चित्रांची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे होती. मारिओच्या खेळात बाई म्हणजे पळवून नेलेली राजकन्या, तिला सोडवायचं. फँटसी स्टारची नायिका ॲलिस मात्र भावाच्या खुनाचा जाब विचारायला स्वतः तलवार घेऊन निघते. बाकीचे सोबती तिच्या मागून येतात. त्या काळी हे फार वेगळं होतं.

अशा खेळाच्या चित्रकार बाईंचं यादीतलं नाव काय, तर ‘फिनिक्स रिए’. १९९१ मध्ये सॉनिक हा निळा हेजहॉग जगभर गाजला. त्या खेळाच्या चित्रांतही कोडामांचा हात होता, आणि तिथेही नाव तेच टोपण. पुढे त्या दिग्दर्शनात आल्या. ‘फँटसी स्टार’चा चौथा भाग १९९३ मध्ये आला, त्याच्या दिग्दर्शनात त्या होत्या. २००० साली ‘स्काइज ऑफ आर्केडिया’ हा खेळ त्यांनी निर्माती म्हणून पूर्ण केला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या खेळ घडवणाऱ्यांच्या परिषदेत त्यांना पायोनिअर पुरस्कार दिला गेला. कामाला लागल्यापासून पस्तीस वर्षांनी!

आणखी एक गोष्ट. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत कोडामा स्वतः जुने खेळ परत आणण्याच्या कामाला लागल्या होत्या. सेगाचे जुने खेळ नव्या यंत्रावर आणणारी ‘सेगा एजेस’ ही मालिका २०१८ पासून नव्याने निघू लागली. तिच्या त्या प्रमुख निर्मात्या होत्या, आणि त्या मालिकेत पहिला ‘फँटसी स्टार’ही आला.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मेगा ड्राइव्ह मिनीचा दुसरा भाग जपानमध्ये विक्रीला आला. साठाहून अधिक खेळ होते. लोकांनी तो घरी आणला आणि मशीनचीच श्रेयनामावली उघडून पाहिली. तिच्यात रिएको कोडामा यांना श्रद्धांजली होती. जगाला तोवर काहीच ठाऊक नव्हतं. चौकशी झाली तेव्हा सेगाकडून दुजोरा मिळाला, की मे महिन्यातच, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्या गेल्या होत्या. कुटुंबाचा विचार करून कंपनीने जाहीर केलं नव्हतं.

जुने खेळ परत आणण्याला पुष्कळ जण नुसती आठवणींची विक्री म्हणतात. विक्री आहेच. गाजलेले तेच तेच खेळ परत येतात, बाकीचे मागे राहतात. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असं तिथल्या खेळांच्या इतिहासाचं जतन करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिलं. जे परत येत नाहीत त्यांत किती बायकांचं काम अडकलं असेल!

पण एम्युलेटर एवढाच खेळ जशाचा तसा दाखवतो, त्यामुळे १९९१ चं टोपणनाव आजही टोपणच राहतं. ते खरं करायला माणसाचा निर्णय लागतो. डबा नव्याने बांधताना त्याला स्वतःची नवी यादी असते. तिच्यात काय लिहायचं, हे आजच्या लोकांच्या हातात असतं. मेगा ड्राइव्ह मिनीच्या दुसऱ्या भागात एका बाईचं खरं नाव तिथे आलं, आणि तिच्या जाण्याची वार्ताही तिथूनच जगाला कळली. जुनं पुन्हा विकताना ते करणाऱ्यांचा हिशेबही नीट मांडता येतो, हे एवढ्यावरून दिसतं.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात मुलांनी खेळ संपवला आणि पडद्यावर नावं सरकू लागली, की बटण दाबून पुढे जाऊ देऊ नका. मिनिटभर थांबा, मुलांनाही थांबवा. त्यांना विचारा, यात बायका किती दिसतात? ती नावं मोठ्याने वाचायला लावा.