ओकुबो: सामुराईंनीच मारलेला सामुराई

सामुराई म्हटलं की तलवार आठवते. आज मात्र अशा सामुराईची गोष्ट, ज्याच्या सरकारने सामुराईंच्या कमरेची तलवारच उतरवली. ओकुबो तोशिमिची.

जन्म १८३०चा, दक्षिण जपानमधल्या कागोशिमातला. घर साध्या सामुराईचं. त्याच वस्तीत वाढलेला जिवलग मित्र म्हणजे साइगो ताकामोरी. १८६८मध्ये शोगुनची सत्ता उलथवून सम्राटाच्या नावाने नवं सरकार आलं, त्यात हे दोघे आघाडीवर होते.

१८७१मध्ये या सरकारने सरदारांची संस्थानं खालसा केली. मग ओकुबो इवाकुरा शिष्टमंडळासोबत अमेरिका-युरोप बघून आला. तिथले कारखाने पाहून डोक्यात एकच बसलं: आधी देश उभा करू, लढाया नंतर. १८७३मध्ये कोरियाच्या प्रश्नावरून दोघांचं फाटलं. साइगो राजीनामा देऊन गावी गेला, ओकुबो गृहमंत्री झाला.

१८७६मध्ये तलवारबंदी आली. पिढीजात तनखाही बंद, बदल्यात सरकारी रोखे. पुढच्याच वर्षी कागोशिमा पेटलं. बंडाचा म्होरक्या साइगो, बंड मोडणाऱ्या सरकारचा कणा ओकुबो. सप्टेंबर १८७७मध्ये साइगो गेला, त्याच कागोशिमात.

आठ महिनेही झाले नव्हते. १४ मे १८७८ला टोकियोत काही चिडलेल्या सामुराईंनी ओकुबोची बग्गी अडवली आणि तलवारींनी त्याला संपवलं.

मी सॉफ्टवेअरवाला. जुनी सिस्टीम बंद केली की आम्हीही शिव्या खातो, पण ती सिस्टीम आमचं घर नसते. ओकुबोचं होतं. त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!