धर्मयोद्धे व दैवी शक्ती

धर्माच्या रक्षणासाठी किंवा प्रसारासाठी व्रतस्थ होऊन युद्ध करणाऱ्या व्यक्तींस व संघटनांस धर्मयोद्धे म्हणतात. सामान्य सैनिक वेतनासाठी, वतनासाठी किंवा राजाज्ञेने लढतो. धर्मयोद्धा आपल्या बळाचा उगम ईश्वरी कृपेत आहे, असे मानतो. हे बळ कोठे वसते, याविषयी मात्र विविध परंपरांत एकवाक्यता नाही. देवतेचा वास शस्त्रात असेल, तर शस्त्र हातून गळताच योद्धा सामान्य ठरतो. तो वास व्रतात किंवा देहात असेल, तर रिकाम्या हातांनीही दैवी शक्ती प्रकट व्हावयास हवी. या दोन्ही कल्पनांचा प्रत्यक्ष इतिहासाशी आलेला संबंध महाराष्ट्रात वसईच्या परिसरात विशेष स्पष्टपणे दिसतो.

माणिकपूरचे दैवत : माणिकपूर हे पालघर जिल्ह्यातील वसई-विरार महानगरपालिकेच्या क्षेत्रात मोडणारे जुने गाव आहे. पोर्तुगीज अमदानीत स्थापन झालेले तेथील चर्च देवदूत मायकल याच्या नावाने ओळखले जाते. ख्रिस्ती कलेत मायकल चिलखत घातलेला, हाती तलवार किंवा भाला घेऊन सैतानाला पायदळी तुडविणारा असा दाखविण्यात येतो. स्वर्गातील सैन्याचा तो सेनापती होय. परंतु बायबलच्या नव्या करारातील प्रकटीकरणाच्या पुस्तकात त्याच्या युद्धाचे वर्णन असले, तरी त्याच्या हातातील शस्त्राचा निर्देश नाही. यहूदाच्या पत्रात तर मोझेसच्या देहावरून सैतानाशी वाद झाला असता मायकलने त्याच्यावर निंदेचा आरोपही केला नाही. प्रभूनेच त्याला धमकवावे, एवढेच तो म्हणाला, असे सांगितले आहे. म्हणजे मूळ ग्रंथात ज्याचे बळ केवळ ईश्वराच्या नावात आहे, त्याच्या हाती तलवार दिली ती नंतरच्या शिल्पकारांनी व चित्रकारांनी.

यूरोपीय परंपरा : मध्ययुगीन यूरोपात धर्मयोद्ध्यांना संघटित रूप आले. जेरूसलेम येथे इ. स. १११९ च्या सुमारास स्थापन झालेल्या टेंपलर संघाचे सदस्य दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या संन्याशांच्या तीन व्रतांनी बांधलेले असून शस्त्रधारी होते. प्रत्यक्ष धर्मगुरूंना मात्र रक्तपात निषिद्ध होता. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने हा निषेध पुन्हा घोषित केला. परिणामतः एकाच संघात लढणारा बंधू सशस्त्र व संस्कार देणारा धर्मगुरू निःशस्त्र, अशी विभागणी झाली. शार्लमेनच्या दरबारातील वीरांना ‘पॅलाडिन’ म्हणत. त्यांपैकी रोलां याच्या तलवारीच्या मुठीत संतांचे अवशेष बसविलेले होते, असे फ्रेंच वीरकाव्यात वर्णन आहे. येथे दैवी शक्ती पोलादात साठविलेली आहे. याउलट जोन ऑफ आर्क हिने १४३१ मधील आपल्या चौकशीत तलवारीपेक्षा निशाण आपणास कितीतरी पटींनी अधिक प्रिय असल्याचे आणि आपण कोणाचाही वध केला नसल्याचे सांगितले. तिच्या सैन्याचा विश्वास तिच्या शस्त्रावर नसून तिला ऐकू येणाऱ्या आवाजांवर होता.

टेंपलर संघ बरखास्त झाल्यावर पोर्तुगालचा राजा दीनिश याने पोपच्या संमतीने १३१९ मध्ये त्याच्या मालमत्तेतून ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ हा संघ उभारला. पोर्तुगीजांच्या सागरी मोहिमांना या संघाने पैसा पुरविला आणि त्याचा क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर रंगविला जाऊ लागला. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याच्याकडून डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांकडे आली, ती या परंपरेच्या वारसदारांकडे. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टीनियन या चारही पंथांचे मठ उभे राहिले आणि त्यांभोवती बुरुजांची तटबंदी आली. अनेक बुरुजांनाही संतांची नावे देण्यात आली. सक्तीची धर्मांतरे, देवळांचा विध्वंस आणि हिंदूंच्या सार्वजनिक धर्माचरणावरील बंधने यांमुळे साष्टी व वसई प्रांतांत असंतोष वाढत गेला. अंजूरच्या नाईक घराण्यातील गंगाजी नाईक यांच्यासारख्या स्थानिक पुढाऱ्यांनी पेशव्यांकडे गाऱ्हाणी नेली, ती या पार्श्वभूमीवर.

महाराष्ट्रातील परंपरा : शस्त्र आणि देह यांपैकी दैवी शक्तीचे अधिष्ठान कोणते, याविषयी मराठी परंपरेत दोन्ही मते शेजारी शेजारी नांदतात. परमानंदकृत शिवभारत या संस्कृत काव्यात अफजलखानाच्या प्रसंगापूर्वी तुळजाभवानी शिवाजी महाराजांना दर्शन देते आणि त्यांच्या तलवारीत वास करते. बखरींच्या परंपरेत मात्र देवी महाराजांच्या अंगात संचार करून त्यांच्या मुखाने बोलते आणि ते शब्द जवळची माणसे लिहून घेतात. पहिल्या कल्पनेत शस्त्र हे देवीचे आसन आहे, तर दुसरीत देहच तिचे आसन आहे. दसऱ्याची शस्त्रपूजा आणि जेजुरीचा खंडा उचलण्याचा मान या प्रथा पहिल्या कल्पनेशी, तर अंगात येणे, भगत व देवऋषी यांचे प्रस्थ या गोष्टी दुसरीशी नाते सांगतात.

वसईच्या मोहिमेत या दोन्ही कल्पना एकत्र आल्या. वसईपासून काही कोसांवर तानसा नदीच्या परिसरात वज्रेश्वरी देवीचे स्थान आहे. वसिष्ठ ऋषींच्या यज्ञात हविर्भाग न मिळाल्याने संतापलेल्या इंद्राने वज्र फेकले आणि देवीने ते गिळून टाकले, म्हणून ती वज्रेश्वरी, अशी तिची आख्यायिका आहे. देवी वज्राला वज्राने उत्तर देत नाही, ती शस्त्रच आपल्यात सामावून घेते. निःशस्त्र दैवी सामर्थ्याची ही कोकणातील सर्वांत ठळक कल्पना म्हणता येईल. वसईचा किल्ला हाती आल्यास देवीचे मंदिर बांधीन, असा नवस चिमाजी आप्पाने केला होता आणि विजयानंतर तो फेडण्यात आला, असे परंपरा सांगते.

या मोहिमेमागील दुसरी प्रेरणा ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर (मृ. १७४५) यांची होती. चिपळूणजवळील परशुराम हे त्यांचे मूळ क्षेत्र. १७२७ मध्ये जंजिऱ्याच्या पक्षाच्या सिद्दी सात याने या देवस्थानाची नासधूस केली. त्यानंतर स्वामी घाटावर साताऱ्याजवळ धावडशीस राहिले आणि छत्रपती शाहू, बाजीराव, चिमाजी आप्पा यांना पत्रे पाठवून कोकणातील शत्रूंविरुद्ध प्रवृत्त करीत राहिले. १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने रेवसजवळील लढाईत सिद्दी सात याचा वध केला. स्वामींनी स्वतः तलवार धरली नाही, परंतु त्यांचा आशीर्वाद आणि त्यांचा रोष या दोहोंचे भय व भरवसा सरदारांना वाटे. त्यांचे सामर्थ्य केवळ तपश्चर्येचे नव्हते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. पेशव्यांना व सरदारांना ते मोठाल्या रकमा कर्जाऊ देत आणि त्यांच्या पत्रव्यवहारात उपदेशाइतकेच तगादेही आढळतात.

वसईचा वेढा : साष्टीवरील मोहीम मार्च १७३७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यावरील हल्ल्याने सुरू झाली. १७३९ च्या आरंभी चिमाजी आप्पाने वसईला वेढा घातला. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे हेही पुढे त्यास येऊन मिळाले. वेढा लांबला तेव्हा आपले मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात पाडावे, असे उद्गार चिमाजी आप्पाने काढल्याची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ती ऐतिहासिक असो वा नसो, योद्ध्याचा व्रतस्थ देह हेच अखेरचे शस्त्र, ही श्रद्धा तीत व्यक्त झाली आहे. प्रत्यक्षात तट फोडला तो सुरुंगांनी. मे महिन्यात सान सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग उडवून खिंडार पाडण्यात आले. काही सुरुंग उशिरा उडाल्याने पुढे गेलेले मराठे सैनिकच त्यांत सापडले. या वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसे मृत व जखमी झाली. तटाच्या आतही संतांचा धावा चालू होता. नवस दोन्ही बाजूंनी केले होते, परंतु आतील दारूगोळा व माणूसबळ आधी संपले. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी शरणागती पतकरली.

तहाच्या अटी उदार होत्या. पोर्तुगीज सैन्याला शस्त्रे घेऊन, सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मुभा मिळाली. चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर व भीमाशंकर येथील घंटा त्यांपैकी समजल्या जातात. एका देवाच्या नावाने ओतलेले धातू दुसऱ्या देवाच्या दारी लागले व त्यांचे पावित्र्य टिकले. पवित्रता वस्तूत नसून तिच्या समर्पणात असते, ही लोकांची धारणा यावरून दिसते.

शस्त्रधारी संन्यासी : उत्तर भारतातील दशनामी नागा गोसावी हे धर्मयोद्ध्यांचे निराळे उदाहरण होय. ते वस्त्रांचाही त्याग करीत, पण शस्त्रे ठेवीत. महानिर्वाणी आखाड्यात सूर्यप्रकाश व भैरवप्रकाश या नावांच्या भाल्यांना देवतास्वरूप मानतात आणि कुंभमेळ्यात त्यांना अग्रपूजेचा मान असतो. आध्यात्मिक अधिकार व लष्करी पेशा यांची येथे सरमिसळ झाली. अनुपगिरी गोसावी (मृ. १८०४) १७६१ मध्ये पानिपतावर शुजाउद्दौल्याच्या फौजेत, म्हणजे अब्दालीच्या बाजूने होता. लढाईनंतर मराठ्यांच्या मृत सेनानायकांच्या अंत्यसंस्कारासाठी त्याने खटपट केली आणि पुढे तो महादजी शिंद्यांच्या चाकरीत आला. त्र्यंबकेश्वरच्या कुंभमेळ्यात अग्रमानावरून शैव व वैष्णव साधूंत रक्तपात झाल्यावर पेशवाईत शैवांसाठी त्र्यंबक व वैष्णवांसाठी नाशिक अशी स्नानाची विभागणी झाली. शस्त्रधारी पावित्र्याचे कलह अखेर निःशस्त्र दिवाणी निवाड्याने मिटवावे लागले.

निःशस्त्र धर्मयोद्धे : दैवी संचाराने रिकामा हात समर्थ होतो, या श्रद्धेची सर्वांत मोठी परीक्षा चीनमध्ये झाली. तेथील ‘बॉक्सर’ उठावातील (१८९९–१९०१) बंडखोर मुष्टियुद्धाच्या कवायती करीत. देवतांचा संचार झाल्यावर आपल्या देहास गोळी लागत नाही, असे ते मानीत. परदेशी फौजांच्या बंदुकांपुढे ही श्रद्धा टिकली नाही व असंख्य माणसे प्राणास मुकली. प्रहार करण्याची शक्ती म्हणून दैवी बळाकडे पाहिले, तर निःशस्त्र योद्धा पराभूत होतो, असा याचा निष्कर्ष निघतो.

सहन करण्याची शक्ती म्हणून तिच्याकडे पाहिले, तर चित्र पालटते. शीख पंथात शस्त्रधारणा हे धर्माचरणाचे अंग आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेड येथे निवर्तले आणि तेथील तख्त सचखंड हजूर साहिब येथे त्यांची समजली जाणारी शस्त्रे जतन केलेली आहेत. याच पंथाच्या अकाली स्वयंसेवकांनी १९२२ मध्ये अमृतसरजवळील गुरू का बाग येथे अकाल तख्तासमोर अहिंसेची शपथ घेऊन पोलिसांच्या लाठ्या हात न उचलता सोसल्या. सी. एफ. अँड्र्यूज यांनी हा प्रसंग समक्ष पाहून त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि अखेर सरकारला मारझोड थांबवावी लागली.

खुद्द वसईने या मार्गाचा एक आद्य पुरुष दिला. गोन्सालो गार्सिया (सु. १५५७–९७) याचा जन्म वसईत पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांच्या पोटी झाला. वसईच्या जेझुइटांकडे शिकून तो जपानला गेला. काही काळ व्यापार केल्यावर मानिला येथे तो फ्रान्सिस्कन पंथात बंधू झाला आणि जपानी भाषा अवगत असल्याने १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला पोहोचला. हिदेयोशीच्या आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याला इतर पंचवीस जणांसह क्रूसावर चढवून भाल्यांनी विंधण्यात आले. १८६२ मध्ये पोप नववा पायस याने त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला रोमन कॅथलिक संत होय. वसईजवळील गास गावचे चर्च त्याच्या नावाचे आहे.

खेळातील प्रतिबिंब : हा जुना वाद विसाव्या शतकात एका खेळाच्या नियमांत उतरला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन रचनाकारांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ च्या पुरवणीत त्यात ‘पॅलाडिन’ हा धर्मयोद्धा आला. आरंभीच्या नियमांनुसार धर्मगुरूच्या पात्रास धारदार शस्त्र वर्ज्य होते. रक्तपाताच्या मध्ययुगीन निषेधाचाच तो पडसाद होता. पॅलाडिनचा ‘दैवी प्रहार’ रिकाम्या मुठीने करता येतो काय, याविषयी खेळाडूंत मतभेद झाले. २०१४ च्या आवृत्तीत दैवी इजा ‘शस्त्राच्या’ इजेत मिळवावयाची असल्याने मूठ अपात्र ठरली. २०२४ च्या आवृत्तीने मात्र निःशस्त्र ठोशालाही स्पष्ट मान्यता दिली. शक्तीचे स्थान पोलादातून प्रतिज्ञेकडे सरकले, असा या बदलाचा अर्थ लावता येतो. परंतु खेळातही प्रश्न प्रहाराचाच राहिला, सोसण्याचा नव्हे.

मूल्यमापन : बहुतेक परंपरांनी दैवी शक्तीचे मूळ व्रतात मानले आणि शस्त्राला तिचे दृश्य चिन्ह समजले. चिन्हाचीच पूजा रूढ झाली, की मूळ व्रत मागे पडते आणि धर्मयोद्धा भाडोत्री सैनिकापासून वेगळा ओळखता येत नाही. गोसाव्यांच्या फौजा व पोर्तुगीज सत्तेचा उत्तरकाळ ही याची उदाहरणे होत. वसईचा तट सुरुंगांनी पडला आणि ज्या मठांच्या रक्षणासाठी तो बांधला होता, तेही आता भग्नावस्थेत आहेत. तहाने ज्यांच्या धर्माचरणास अभय दिले, त्या निःशस्त्र ख्रिस्ती रहिवाशांचे वंशज मात्र माणिकपूर व आसपासच्या गावांत आपले सण मराठी बोलीत पाळीत आले आहेत आणि वज्रेश्वरीच्या देवळातही यात्रेकरूंची ये-जा अखंड चालू आहे.