माहीत असलेलं लिहून ठेवणारी माणसं



कर्नाळ्याला तुमच्यापैकी बरेच जण गेले असाल. पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचं जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य झालं. आपण तिथे पुस्तक घेऊन जातो आणि हा दयाळ, हा स्वर्गीय नर्तक असं ओळखत हिंडतो. आज माझा प्रश्न साधा आहे. त्या पुस्तकात ही माहिती आली कुठून?

त्यासाठी १८८३ सालच्या मुंबईत जावं लागेल. १५ सप्टेंबरला भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आता ही माणसं कोण होती बघा. चार डॉक्टर, एक लष्करी अधिकारी, एक मीठ आणि जकात खात्यातला अधिकारी. पक्षी किंवा फुलपाखरं हा यांच्यापैकी कोणाच्या पोटापाण्याचा धंदा नव्हता. दोघे आपले होते : प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुनांनी मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची १८७९ सालीच छापली होती. बाजारात आणि वैद्यांकडे विखुरलेली माहिती त्यांनी एका जागी आणली.

ठरलं काय होतं? महिन्यातून एकदा भेटायचं, काय पाहिलं ते सांगायचं, नमुने दाखवायचे. पुढे जागेची अडचण आली, तेव्हा फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याने १८८४ साली आपल्या दुकानातली खोली दिली. १८८६ पासून नियतकालिक निघालं. मग दूरच्या जिल्ह्यातला एखादा अधिकारीही आपलं निरीक्षण चार ओळींत कळवू शकला. मोठा प्रबंधच हवा असं नव्हतं. तारीख, ठिकाण आणि काय दिसलं, एवढं पुरे होतं.

याचा उपयोग काय झाला? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दहा-बारा वर्षांचा एक मुलगा पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन याच संस्थेत आला. सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकललं नाही. चिमणी ओळखून दिली आणि कपाटातले पक्ष्यांचे नमुने उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे नोकरी गेली, तेव्हा ते आपल्याच रायगड जिल्ह्यात किहीमला राहिले आणि १९३० साली त्यांनी सुगरणीचं निरीक्षण केलं. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी येऊन पसंत करते, मग तोच नर दुसरं घरटं बांधून दुसरी मादी मिळवतो. हे छापलं गेलं ते त्याच नियतकालिकात.

आता एक खंत. हे सगळं इंग्रजीत चाललं. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकर-कातकरी माणसाला कुठला पक्षी कुठल्या झाडावर, कोणत्या महिन्यात, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पण त्या बैठकीत त्याला खुर्ची नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी आपल्याकडे मारुती चितमपल्ली झटले. ते वनाधिकारी होते. कर्नाळा, नवेगाव, मेळघाट या जंगलांत काम करताना त्यांनी आदिवासींकडून पक्ष्यांची, झाडांची नावं ऐकली, टिपली आणि मराठीत आणली. त्यांचा ‘पक्षिकोश’ अशा टिपणांतूनच उभा राहिला.

मंडळी, तुमच्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, शिक्षक, वनरक्षक आहेत. आपल्याकडे माणूस निवृत्त झाला की शाल-श्रीफळ मिळतं, आणि तीस वर्षांत शिकलेलं त्याच्याबरोबर घरी जातं. का लिहीत नाही विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘यात काय लिहायचं? हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.’ सुगरणीचं घरटं तर सगळ्यांनीच पाहिलेलं होतं ना?

तेव्हा लिहा. चार ओळी लिहा, मराठीत लिहा. ज्याच्याकडून शिकलात त्याचं नावही लिहा. आणि नवखं कोणी चिमणी घेऊन दारात आलं, तर कपाट उघडून दाखवा.