पिसांचे भरण

बदक, हंस यांसारख्या पाणपक्ष्यांची मऊ पिसे कापडाच्या दोन थरांमध्ये भरून गाद्या, उशा, रजया, शयनपिशव्या व थंडीचे कपडे तयार करतात. अशा भरलेल्या पिसांच्या थरास पिसांचे भरण म्हणतात. हा उद्योग सु. दोन हजार वर्षे चालू असून त्याच्या इतिहासात कार्यक्षमतेला दोन निरनिराळे अर्थ आलेले दिसतात. कमी वेळात व कमी खर्चात अधिकाधिक पिसे मिळविणे हा पहिला अर्थ होय. मिळालेल्या पिसांतून अधिकाधिक ऊब मिळविणे हा दुसरा. पहिल्या अर्थाने झालेल्या प्रगतीची किंमत पुष्कळदा पक्ष्यांना मोजावी लागली, तर दुसऱ्या अर्थाने झालेली प्रगती मुख्यतः गेल्या शंभर वर्षांतील आहे.

संरचना व गुणधर्म : पक्ष्याच्या अंगावर बाहेरच्या बाजूस मधोमध ताठ दांडा असलेली आच्छादक पिसे असतात. त्यांच्याखाली, विशेषतः छाती व पोट या भागांत, कोमल पिसांचा (डाउनचा) थर असतो. कोमल पिसाला ठळक दांडा नसतो. एका बिंदूपासून सर्व दिशांना असंख्य तंतू फुटलेले असतात व त्या तंतूंना आणखी सूक्ष्म उपतंतू असतात. त्यामुळे प्रत्येक पीस म्हणजे एक लहानसा पोकळ गोळाच बनतो. तंतूंच्या या जाळ्यात अडकलेली हवा हलत नाही आणि स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. म्हणजे ऊब देते ती मुख्यतः हवा. पिसांचे काम तिला जागच्या जागी धरून ठेवण्याचे. कोमल पिसे दाबली असता फार थोड्या जागेत मावतात आणि दाब काढताच पुन्हा फुगतात. मात्र ती ओली झाली की गोळा होऊन बसतात व त्यांची उष्णतारोधकता जवळजवळ नाहीशी होते. हा या भरणाचा सर्वांत मोठा दोष होय.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : रोमन लेखक थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात हंसांच्या पिसांची माहिती दिली आहे. काही ठिकाणी हंसांची पिसे वर्षातून दोनदा उपटीत. जर्मनीतील पांढऱ्या हंसांची पिसे सर्वोत्तम समजली जात व त्यांचा भाव पौंडाला पाच दिनार इतका असे. या लाभामुळे सीमेवरील सैन्याधिकारी पहाऱ्याचे काम सोडून शिपायांच्या तुकड्याच हंसांच्या शिकारीला पाठवीत, अशी तक्रारही त्याने नोंदविली आहे. मध्ययुगीन यूरोपात पिसांची गादी ही मौल्यवान चीजवस्तू होती. मृत्युपत्रांत तिचा वेगळा उल्लेख करून ती वारसांच्या नावे केली जाई.

बोहीमिया, मोरेव्हिया, पोलंड इ. भागांत पिसे तयार करण्याचे काम हिवाळ्यातील लांब रात्री घरोघरी चाले. शेजारणी पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जमून, आपल्याकडील सावडीसारख्या पद्धतीने, मोठ्या पिसांचे मऊ तंतू हाताने दांड्यापासून सोलून काढीत. वाऱ्याने पिसे उडू नयेत म्हणून दारे-खिडक्या बंद ठेवीत. एका उशीपुरते भरण तयार करण्यास कित्येक रात्री लागत. कापडातून पिसांची टोके बाहेर येऊ नयेत म्हणून गादीच्या खोळीला आतून साबण किंवा मेण घासण्याची रीत होती.

आयडर बदकाची पिसे : उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरील आयडर बदकाची मादी अंडी घालताना आपल्या छातीवरील कोमल पिसे काढून घरट्यात अंथरते. आइसलँड व नॉर्वे येथील किनाऱ्यावरचे शेतकरी ही पिसे घरट्यांतून गोळा करतात. पक्ष्याला मारावे लागत नाही आणि त्याच्या अंगावरून पिसे उपटावीही लागत नाहीत. उलट कोल्हे व शिकारी पक्षी यांच्यापासून शेतकरीच घरट्यांचे रक्षण करतात. एक किग्रॅ. स्वच्छ पिसांसाठी सु. ६० घरटी लागतात. म्हणूनच ही पिसे अत्यंत महाग असतात. नॉर्वेतील व्हेगा द्वीपसमूहातील आयडर जोपासनेची परंपरा लक्षात घेऊन यूनेस्कोने २००४ मध्ये त्या प्रदेशाचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

घरट्यातील पिसांत गवत, शेवाळ व कवचांचे तुकडे अडकलेले असतात. पूर्वी पिसे तापवून हा कचरा ठिसूळ करीत व नंतर लाकडी चौकटीवर ताणून बसविलेल्या दोऱ्यांवरून ती घासत. कचरा खाली गळून पडे व एकमेकांत गुंतलेली पिसे वर राहत. पिंजाऱ्याच्या धनुकलीत ताणलेली तात कापसात कंप पावते. येथे उलट पिसेच तातींवरून फिरविली जातात. तत्त्व मात्र एकच आहे. विसाव्या शतकात या चौकटींची जागा यंत्रांनी घेतली. तरीही अखेरची निवड पुष्कळ ठिकाणी हातानेच केली जाते.

वाढती मागणी व पक्षिसंहार : अठराव्या शतकात पिसांची मागणी वाढली, तेव्हा उत्पादन वाढविण्याचे दोन मार्ग अवलंबिले गेले. पाळीव पक्ष्यांकडून अधिक वेळा पिसे घेणे हा त्यांपैकी एक. इंग्लंडमधील लिंकनशरच्या पाणथळ प्रदेशात हंसांचे प्रचंड कळप पाळीत. निसर्गविद् टॉमस पेनंट यांनी १७६९ मधील आपल्या प्रवासाच्या वृत्तांतात नमूद केले आहे, की तेथे मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जिवंत हंसांची पिसे पाच वेळा उपटीत.

दुसरा मार्ग वन्य पक्ष्यांच्या शिकारीचा. न्यू इंग्लंडमधून जहाजे लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्यावर जात व पिसे झडल्यामुळे उडू न शकणाऱ्या आयडर बदकांना हाकून आणून मारीत. न्यू फाउंडलंडजवळील फंक बेटावर ग्रेट ऑक या उडता न येणाऱ्या पक्ष्याची मोठी वसाहत होती. तेथे लोक सबंध उन्हाळा मुक्काम करून केवळ पिसांसाठी या पक्ष्यांची कत्तल करीत, अशी नोंद जॉर्ज कार्टराइट यांनी १७८५ मध्ये केली व ही कत्तल न थांबल्यास जात नष्ट होईल असा इशाराही दिला. पिसे सुटी व्हावीत म्हणून पक्षी उकळत्या पाण्यात बुडवीत. बेटावर झाडे नसल्याने पाणी तापविण्यासाठी चरबीयुक्त पक्ष्यांचेच इंधन वापरीत. अवघ्या काही वर्षांत फंक बेट ओसाड झाले. या जातीची अखेरची ज्ञात जोडी १८४४ मध्ये आइसलँडजवळील एल्डी बेटावर मारली गेली.

जपानच्या दक्षिणेकडील तोरीशिमा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच घटनाक्रमाची पुनरावृत्ती झाली. आखूड शेपटीच्या अल्बट्रॉस पक्ष्यांना पिसांसाठी काठ्यांनी मारण्यात येई. १९०३ पर्यंत सु. ५० लक्ष पक्षी मारले गेले असा अंदाज आहे. १९०२ मध्ये तेथील ज्वालामुखीचा उद्रेक होऊन बेटावरील सु. १२५ रहिवासी मृत्युमुखी पडले, तरी शिकार थांबली नाही. १९४९ मध्ये ही जात नामशेष झाल्याचे मानले गेले. परंतु १९५१ मध्ये बेटावर सु. १० पक्षी आढळले. त्यानंतरच्या काटेकोर संरक्षणामुळे त्यांची संख्या पुन्हा वाढली आहे.

यांत्रिकीकरण : कच्च्या पिसांत धूळ, स्निग्ध पदार्थ व त्वचेचे तुकडे असतात. नीट स्वच्छ न केल्यास त्यांना दुर्गंधी येते व कीड लागते. यावर घरगुती उपाय म्हणजे पिसे चुन्याच्या निवळीत तीन-चार दिवस भिजवून धुणे किंवा भट्टीच्या मंद उष्णतेत वाळविणे. एकोणिसाव्या शतकात हा स्वतंत्र व्यवसाय झाला. लंडनमध्ये जॉन हॅरिस हील यांनी १८१० मध्ये पिसे स्वच्छ करण्याचा धंदा सुरू केला व त्यातूनच पुढे फर्निचरची प्रसिद्ध पेढी उभी राहिली. वाफेच्या वापरामुळे शुद्धीकरण जलद व खात्रीचे झाले.

आधुनिक कारखान्यात पिसांवर क्रमाने धूळ काढणे, धुणे, पिळणे, वाळविणे, थंड करणे व प्रतवारी करणे या क्रिया होतात. धुण्यासाठी सौम्य प्रक्षालक वापरतात. पिसांवरील नैसर्गिक स्निग्धांश पूर्णपणे निघून गेल्यास ती ठिसूळ होतात, म्हणून धुलाई बेताचीच ठेवावी लागते. धुतलेली पिसे केंद्रोत्सारी यंत्रात पिळून नंतर १००° से. पेक्षा अधिक तापमानात वाळवितात. त्यामुळे ती निर्जंतुकही होतात. अखेरच्या धुण्याचे पाणी किती स्वच्छ आहे यावरून पिसांची स्वच्छता ठरवितात.

प्रतवारी हवेच्या झोताने करतात. या यंत्रात एकापुढे एक असे उंच कप्पे असतात. पिसे पहिल्या कप्प्यात सोडून खालून हवा खेळविली, की हलकी कोमल पिसे वर तरंगतात व भिंतीवरून पुढील कप्प्यात जातात. दांड्याची जड पिसे मागे राहतात. झोताचा वेग बदलून हव्या त्या प्रमाणाचे मिश्रण मिळविता येते. हाताने सोलण्यास जेथे कित्येक रात्री लागत, तेथे हे काम यामुळे थोड्या वेळात होऊ लागले. भरणाच्या यंत्रात पिसांचे वजन करून ती हवेच्या झोताने नळीवाटे खोळीच्या प्रत्येक कप्प्यात सोडतात. पूर्वी हाताने भरणाऱ्या कामगारांना पिसांच्या धुळीमुळे श्वसनाचे विकार होत. बंदिस्त यंत्रे व धूळ शोषून घेणारी साधने यांमुळे तो धोका कमी झाला, परंतु संपूर्ण नाहीसा झालेला नाही.

कपड्यांतील वापर : १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी फुग्याच्या कापडात आयडरची पिसे भरून शिवलेला कोट वापरला. प्रथम सहकाऱ्यांनी त्याची थट्टा केली. पण प्रत्यक्ष थंडीत त्यांनाच त्याचा हेवा वाटू लागला. हिवाळी मासेमारीत थंडीने गारठून जाण्याचा प्रसंग स्वतःवर आल्यावर अमेरिकेतील एडी बाउअर यांनी कप्पे शिवलेला पिसांचा कोट तयार केला व १९४० मध्ये त्याचे एकस्व (पेटंट) मिळविले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिकांसाठी असे कोट तयार करण्यात आले. युद्धानंतर हिमालयातील मोहिमांमध्ये पिसांचे कपडे व शयनपिशव्या ही नित्याची साधने झाली.

कपड्यांमुळे कार्यक्षमतेचा दुसरा अर्थ पुढे आला. कारण गिर्यारोहकाला प्रत्येक ग्रॅमचा विचार करावा लागतो. भरणाची प्रत ठरविण्यासाठी फुगीरक्षमता हे माप रूढ झाले. ठरावीक वजनाची पिसे नळकांड्यात घालून त्यांवर हलकी तबकडी ठेवतात व पिसांनी व्यापलेले घनफळ मोजतात. एक औंस (२८.३५ ग्रॅ.) पिसांनी ५०० घन इंच जागा व्यापल्यास फुगीरक्षमता ५०० मानतात. तेवढेच घनफळ भरण्यास ५०० क्षमतेची ४८० ग्रॅ. पिसे लागत असतील, तर ८०० क्षमतेची ३०० ग्रॅ. पुरतात.

शिवणीची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. वरचे व खालचे कापड एकत्र शिवल्यास टाक्यांच्या ओळीवर भरण उरत नाही व तेथून उष्णता निसटते. हे टाळण्यासाठी दोन थरांमध्ये कापडाच्या उभ्या पट्ट्या शिवून पेटीसारखे कप्पे करतात. गरजेपेक्षा अधिक पिसे ठासल्यास ती फुगू शकत नाहीत व ऊब वाढण्याऐवजी व्यर्थ वजन वाढते.

पक्षिकल्याण व पर्यायी भरण : आज कोमल पिसांचे सर्वाधिक उत्पादन चीनमध्ये होते व बहुतांश पिसे मांसासाठी मारलेल्या बदकांची असतात. हंगेरी, पोलंड इ. देशांत जिवंत हंसांची पिसे काढण्याची पद्धत दीर्घकाळ चालू राहिली. यूरोप परिषदेच्या १९९९ च्या शिफारशीत जिवंत पक्ष्यांची पिसे उपटू नयेत असे म्हटले आहे. यूरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये असा निष्कर्ष काढला, की पीसझडीच्या वेळी आपोआप सुटी झालेली पिसे इजा न करता काढता येतात. परंतु कळपातील सर्व पक्ष्यांची पिसे एकाच वेळी पक्व होत नसल्याने व्यवहारात इजा होतेच. पिसांच्या उगमाची तपासणी करणारे ‘रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड’ हे प्रमाणन २०१४ मध्ये सुरू झाले.

ओलाव्याच्या दोषावर उपाय म्हणून अमेरिकन सैन्याच्या मागणीवरून १९८० नंतरच्या दशकात अतिसूक्ष्म पॉलिएस्टर तंतूंचे भरण तयार करण्यात आले. ते भिजल्यावरही बऱ्याच अंशी ऊब देते व स्वस्त असते. तथापि समान वजनात उत्तम पिसांइतकी ऊब व दाबून लहान होण्याचा गुण त्यात पूर्णपणे उतरलेला नाही.

भारतातील उबदार व दमट हवामानात पिसांच्या भरणाची परंपरा विशेष रुजली नाही. महाराष्ट्रात गादीसाठी कापूस व उशीसाठी सावरीचा कापूस वापरण्याची चाल आहे. हिमालयातील गिर्यारोहक आणि १९८४ पासून सियाचीन हिमनदीवर तैनात असलेले भारतीय सैनिक यांच्या पोशाखात मात्र पिसांच्या भरणाला महत्त्वाचे स्थान आहे. शून्याखाली कित्येक अंश तापमानात, पाठीवरील ओझे वाढू न देता ऊब राखण्यासाठी ते उपयुक्त ठरते.