जाळ्याने घडवलेला थांबा

स्कॉटलंडच्या आणि उत्तर इंग्लंडच्या उंच पठारांवर हेदर नावाचे बुटके झुडूप मैलोनमैल पसरलेले असते. तांबूस-तपकिरी अंगाचा, पांढुरक्या पिसांनी झाकलेल्या पायांचा लाल ग्राउज या झुडपाचे कोवळे शेंडे खाऊन जगतो आणि त्याच्याच आडोशाला लपतो. धोका जाणवला की तो लगेच उडत नाही. जमिनीला चिकटून बसतो. त्याच्या पिसांवरची वेलबुट्टी वाळक्या काटक्यांत इतकी मिसळते की दहा पावलांवरचा थवा माणसाच्या नजरेला पडत नाही. म्हणून या पक्ष्याच्या शिकारीत खरी कामगिरी बंदुकीची नसते, शोधण्याची असते, आणि ते काम पॉइंटर आणि सेटर ही कुत्री करतात. वाऱ्याच्या तोंडाला डावी-उजवीकडे पळत ती रान पिंजून काढतात. वाऱ्यावर तरंगत आलेला वास नाकाला लागला की धावता धावता जागीच थबकतात आणि मालक पोहोचेपर्यंत हलत नाहीत. चित्रांत हा कुत्रा नेहमी बंदूकधारी माणसाशेजारी उभा असतो, त्यामुळे ही जोडी मूळचीच आहे, बंदुकीसाठीच हे कौशल्य घडवले गेले, असा समज सहज होतो. पुरावा मात्र वेगळेच सांगतो. कुत्र्याचा हा थांबा बंदुकीहून जुना आहे. तो जाळ्याने घडवला. बंदुकीने त्याला फक्त नवे काम दिले.

सर्वांत जुना स्पष्ट पुरावा फ्रान्सच्या दक्षिणेकडचा आहे. फ्वा प्रांताचा सरदार गास्तों फेब्यूस याने १३८७ साली शिकारीवरचा आपला ग्रंथ लिहायला घेतला. त्यात ससाण्याच्या शिकारीला साथ देणाऱ्या स्पॅनियल जातीच्या कुत्र्यांचे वर्णन आहे. या कुत्र्यांना दबून बसायला शिकवले, तर जाळ्याने तित्तर आणि लावे धरायला ती उपयोगी पडतात, असे तो नोंदवतो. त्या काळात उडता पक्षी टिपता येईल अशी बंदूक नव्हतीच. पुढे सुमारे दोनशे वर्षांनी इंग्लंडमधला वैद्य जॉन कायस हीच पद्धत तपशिलाने सांगतो. स्विस निसर्गशास्त्रज्ञ कॉनराड गेस्नर याच्यासाठी त्याने ब्रिटनमधल्या कुत्र्यांचे लॅटिन वर्णन लिहिले; ते १५७० साली छापले गेले आणि १५७६ साली त्याचा इंग्रजी अनुवाद आला. त्यातला पक्षीशोधक कुत्रा पावलांचाही आवाज करत नाही, भुंकत नाही. पक्षी जवळ आहेत असे कळताच तो पोट जमिनीला टेकतो आणि पंजाने जागा दाखवतो. मग पारधी जाळे पसरून पक्ष्यांवर ओढतो. या वर्णनातली प्रत्येक गोष्ट जाळ्याच्या गरजेतून आलेली आहे. कुत्रा भुंकला तर थवा उडेल आणि जाळे रिकामे राहील. तो उभा राहिला तर त्याच्या अंगावरून जाळे सरकणार नाही. त्याने झडप घातली तर दोन पक्षी त्याच्या तोंडात येतील आणि बाकीचे निसटतील. अख्खा थवा बसल्या जागी झाकायचा असेल, तर पक्ष्यांना न उडवता अचूक जागा सांगणारा आणि पुढे एक पाऊलही न टाकणारा कुत्राच हवा.

ही पद्धत किती रुळली होती हे शिकारग्रंथांपेक्षा कायद्याच्या कागदांतून जास्त विश्वासाने कळते, कारण कायदा हौसेपोटी याद्या करत नाही. जे सर्रास चालते तेच तो रोखतो. १६७१ च्या इंग्लंडमधल्या शिकार कायद्याने, वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्न देणारी स्वतःची जमीन किंवा त्यासारखी पात्रता नसलेल्या माणसाकडची शिकारीची साधने जप्त करण्याचा अधिकार जमीनदारांच्या राखणदारांना दिला. त्या साधनांच्या यादीत बंदुका आहेत, धनुष्ये आहेत, नाना तऱ्हांची जाळी आहेत आणि पक्षी दाखवणारी कुत्रीही आहेत. म्हणजे राज्यकर्त्यांच्या नजरेत हा कुत्रा पाळीव प्राणी नव्हता, जाळ्याइतकेच परिणामकारक अवजार होता. ते अवजार साध्या शेतकऱ्याच्या हाती राहू नये यासाठीच ही तजवीज होती. याच शतकात जॉन हॅरिस नावाच्या माणसाने १६८५ साली केलेला एक करार प्रसिद्ध आहे. एका स्पॅनियल कुत्रीला पक्षी दाखवायला शिकवण्याचे काम त्याने दहा शिलिंग आगाऊ घेऊन स्वीकारले होते. ज्या कौशल्याचा मोबदला ठरतो आणि ज्याचा लेखी करार होतो, ते तोवर स्थिरावलेले, सर्वांना ठाऊक असलेले कौशल्य असते.

यावर पहिला आक्षेप प्राणिशास्त्राचा आहे. झडपेआधी क्षणभर थबकणे हे कोल्ह्या-लांडग्यांतही दिसते. कुत्र्याच्या रक्तातच ते आहे, मग जाळ्याला त्याचे श्रेय कशाला? आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. वास घेणे, नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग करणे, पकडणे आणि मारणे ही शिकारी प्राण्याच्या वागण्यातली साखळी आहे आणि थबकणे ही तिचीच एक कडी आहे. पण लांडग्याचा थांबा पुढच्या झेपेसाठी असतो आणि पापणी लवते न लवते तोच संपतो. कितीतरी मिनिटे न मोडणारा, झेपेत कधीच न संपणारा थांबा जंगलात जगू पाहणाऱ्या प्राण्याला उपाशी मारील. ती कडी लांबवणे आणि तिच्यापुढची साखळी तोडणे हे माणसाच्या निवडीचे काम आहे. पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड करायची तर तिच्यामागे रोजच्या पोटापाण्याची गरज लागते. ती गरज अंगावरून ओढल्या जाणाऱ्या जाळ्याची होती, हे आपल्याकडच्या उदाहरणाशी ताडून पाहता येते. महाराष्ट्रातले फासेपारधी तित्तर आणि लावे धरण्यात पिढीजात वाकबगार. त्यांचे साधन फासे. ओळीने मांडलेल्या फाशांकडे पक्ष्याला चालवत न्यावे लागते. तो जागीच दबून बसला तर फास निरुपयोगी. म्हणून पारध्याने शिकवून तयार केली ती गाय किंवा बैल. त्या जनावराच्या आडून पारधी सावकाश पुढे सरकतो आणि पक्षी न बिचकता फाशांच्या दिशेने चालू लागतात. पक्षी तेच, दबून बसण्याची त्यांची सवयही तीच, पण साधन बदलले तसा मदतनीस जनावराचा गुणही बदलला. जाळ्याला बसलेला पक्षी हवा होता, म्हणून थांबणारा कुत्रा घडला. फाशाला चालणारा पक्षी हवा होता, म्हणून संथ चालणारी गाय घडली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजचा पॉइंटर पोट टेकत नाही. मान उंच, शेपटी ताठ, एक पाय उचललेला, असा तो उभा राहतो. ब्रिटनमध्ये त्याचा प्रसार अठराव्या शतकात झाला, आणि त्याचे पूर्वज स्पेनहून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तो काळ चकमकीच्या हलक्या बंदुकांचा आणि उडता पक्षी टिपण्याच्या नव्या छंदाचा. मग पॉइंटर तरी बंदुकीचाच म्हणायला नको का? उभे राहण्याची ढब बंदुकीची आहे, हे मान्यच करायला हवे. जाळे गेल्यावर दबून बसण्याचे कारण उरले नाही, आणि उंच झुडपात कुत्रा दुरून दिसणे शिकाऱ्याच्या सोयीचे झाले. पण ढब आणि थांबा या दोन गोष्टी आहेत. नव्या साधनाने शरीराची ठेवण बदलली. पक्ष्याला न छेडण्याचा मूळ संयम मात्र आयता मिळालेला होता. सेटर जातीत तर जुनी खूण अजून शिल्लक आहे. वास येताच यांतली अनेक कुत्री आजही अंग खाली झुकवतात, कधी जवळजवळ झोपतात. बंदुकीच्या शिकारीला या सवयीचा काडीचा उपयोग नाही. निरुपयोगी होऊनही टिकलेली सवय ही उगमाची सर्वांत प्रामाणिक साक्ष असते.

बंदुकीने या थांब्याला जे नवे काम दिले ते लहान नव्हते. जाळे निवड करत नाही. त्याखाली येईल तो पक्षी, पिल्लांसकट सगळा थवा, धरला जातो. उडत्या पक्ष्यावर बंदूक रोखणाऱ्याला मात्र दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते, की हा कोणता पक्षी आणि याच्यावर बार टाकायचा का. कुत्र्याचे नाक जवळ पक्षी आहे एवढे सांगते. ओळख पटवणे माणसाकडेच राहते. कुत्रा कधी पाणलाव्यासमोर थांबतो, कधी सशासमोर, कधी काळ्या ग्राउजच्या मादीसमोर. ही मादी तपकिरी असल्याने घाईत लाल ग्राउज समजली जाऊ शकते. पण तिच्या पंखावर बारीक पांढरी पट्टी असते आणि शेपटीला किंचित खाच असते. लाल ग्राउजची शेपटी काळसर आणि टोकाला गोलसर. तो हेदरला घासून जावा तसा खालून उडतो, पंख भराभर फडफडवतो, मग ते कमानीसारखे धरून तरंगतो आणि घोगऱ्या आवाजात कर्कश ओरडतो. काळ्या ग्राउजचा नर तर चकाकत्या काळ्या रंगाने आणि लायर या वाद्याच्या आकाराच्या शेपटीने लगेच वेगळा पडतो. ही ओळख केवळ हौसेची नव्हती. इंग्लंडच्या १८३१ च्या कायद्यात लाल ग्राउजचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होई आणि काळ्याचा २० ऑगस्टला. मधल्या आठवड्यातली चूक गुन्हा ठरे. अशा वेळी कुत्र्याच्या थांब्यामुळे माणसाला सावध होऊन पाय रोवायला आणि नजर योग्य जागी ठेवायला अवधी मिळतो. जाळ्यासाठी घडलेला संयम आता पारखण्याची सवड देऊ लागला.

एकोणिसाव्या शतकात उलटी परीक्षा झाली. मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या, बार भराभर टाकता येऊ लागले, आणि श्रीमंतांनी ग्राउजच्या शिकारीचा हाका केला. हाकारे रान उठवत येतात, आडोशात उभ्या असलेल्या बंदुकांच्या माथ्यावरून थवे वेगाने जातात. ३० ऑगस्ट १८८८ रोजी यॉर्कशरमधल्या ब्लबरहाउसेस पठारावर लॉर्ड वॉल्सिंगम याने एकट्याने एका दिवसात १,०७० ग्राउज मारले. या पद्धतीत पक्षी शोधायचे नसतात, म्हणून थांबणाऱ्या कुत्र्यालाही जागा नसते. बंदूक जितकी सुधारली तितका हा कुत्रा तिला नकोसा झाला. तो मुळात बंदुकीसाठी जन्मला असता, तर तिच्या भरभराटीबरोबर त्याचीही भरभराट व्हायला हवी होती. आणि नेमक्या याच काळात, एप्रिल १८६५ मध्ये, बेडफर्डशरमधल्या साउथहिल इथे पॉइंटर-सेटरांची पहिली मैदानी परीक्षा झाली. पक्षी मारण्याचा हंगाम तेव्हा संपलेला होता, तरी नाक, वेग आणि थांबा यांची कसोटी लागली. पक्ष्याच्या मृत्यूशिवायही या कौशल्याला पूर्ण अर्थ आहे, हे त्या परीक्षेने दाखवून दिले.

यावर कोणी म्हणेल, की शिकारीच्या साधनाची इतकी आपुलकीने कुळकथा सांगणे म्हणजे शिकारीचीच भलामण. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर हा प्रश्न रास्तच आहे. पण एखाद्या कौशल्याचा उगम कळला, की त्यातले काय त्या काळाच्या गरजेचे होते आणि काय टिकण्याजोगे आहे, हे वेगळे करता येते. थांबणाऱ्या कुत्र्याच्या गुणांत मारणे कधीच नव्हते; ते जाळेवाल्याकडे होते, नंतर बंदूकवाल्याकडे गेले. म्हणूनच मारणारा बाजूला झाला तरी कुत्र्याचे काम अडत नाही. आज ब्रिटनमध्ये वसंतात आणि जुलैत ग्राउजची शास्त्रीय मोजणी पॉइंटर-सेटरांच्या मदतीनेच होते. कुत्रा थांबतो, थवा उठतो, थव्यातले प्रौढ आणि पिल्ले वेगवेगळी मोजली जातात आणि कुत्रा पुढच्या पट्ट्यात जातो. न्यूझीलंडमध्ये रिचर्ड हेन्री याने १८९० च्या दशकात काकापो हे न उडणारे पोपट सुरक्षित बेटावर हलवण्यासाठी तोंडाला मुसके बांधलेला कुत्रा वापरला. वंश वेगळा असला तरी तत्त्व तेच: शोध पूर्ण आणि इजा शून्य. पंधराव्या शतकाच्या आधीच पारध्यांनी कुत्र्यातून शोध आणि घात या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या. त्यांचा हेतू थवाच्या थवा धरण्याचा होता, तरी त्यांच्या हातून घडलेली वस्तू त्या हेतूपेक्षा मोठी निघाली. पक्ष्यांची संख्या घटत असताना त्यांना धक्का न लावता शोधून काढणारे नाक जपायला हवे. शिकार उद्या पुरती थांबली, तरी या कुत्र्यांची जोपासना थांबू नये, असे म्हणायला त्यांचा इतिहासच भक्कम आधार देतो.