बाहुली मोठेपणी कोण होणार?

मुलींना बाहुलीचा खेळ एवढा का आवडतो? बार्बीच्या जन्माची गोष्ट ऐकली की आपल्याला ते कळतं.

१९५०च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत रूथ हँडलर या बाई आपल्या मुलीचा, बार्बराचा खेळ पाहत असत. दुकानात मिळायच्या त्या बहुतेक तान्ह्या बाळाच्या बाहुल्या. त्या घेऊन मुलीने आईच व्हायचं. बार्बरा मात्र कागदी बायकांना कपडे चढवून मोठेपणीचं आयुष्य खेळायची. रूथबाईंनी ते हेरलं. पुढे युरोपात त्यांना ‘लिली’ ही मोठ्या बाईसारखी दिसणारी जर्मन बाहुली दिसली. मग ९ मार्च १९५९ला न्यूयॉर्कच्या खेळणी मेळाव्यात बार्बी आली. नाव लेकीचंच.

पहिल्या बाहुल्या जपानमध्ये बनल्या. त्यांचे चिमुकले कपडे तिथल्या बायकांनी घरी बसून शिवले. शिलाई करणाऱ्या आपल्या गटांना ते कष्ट वेगळे सांगायला नकोत.

१९६५मध्ये बार्बी अंतराळवीर झाली. माणूस चंद्रावर उतरला तो त्यानंतर चार वर्षांनी! तिच्या अतिबारीक कमरेवर टीकाही खूप झाली. शेवटी २०१६मध्ये कंपनीने वेगवेगळ्या बांध्याच्या बाहुल्या काढल्या.

आम्हीही लहानपणी भातुकली मांडली, बाहुला-बाहुलीची लग्नं लावली. मुलगी खेळात उद्याचं आयुष्य करून बघते. म्हणून लग्न जरूर लावू द्या, पण एकदा विचारा, “तुझी बाहुली काय काम करते गं?” उत्तर येईल ते नीट ऐका.