दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूवर थीसिस

समजा, सावंगीच्या मेडिकल कॉलेजात मानसोपचारात एमडी करताना तुम्ही दारूच्या व्यसनावर थीसिस घेतला. गाइडचा पहिला प्रश्न काय असेल? "पेशंट खरं सांगतील का?" हा प्रश्न वर्ध्यात जास्त टोचतो, आणि त्याचं कारण इतिहासात आहे.

गांधीजी १९३६ मध्ये जवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले. त्यांच्या १९४१ च्या रचनात्मक कार्यक्रमात दारूबंदी होतीच. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे परवान्यांमुळे राज्यभर सैल झाला, पण वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून बंदी आहे. सावंगीचं कॉलेज १९९० चं. म्हणजे बंदीआधीचा पेशंट या कॉलेजाने पाहिलेलाच नाही! त्यामुळे "बंदीने व्यसन कमी झालं" किंवा "वाढलं", यातलं काहीच इथल्या ओपीडीच्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. सिनॉप्सिसमध्ये असा दावा करू नका.

दुसरी अडचण मापाची. जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची 'ऑडिट' चाचणी ठरावीक मापाचे पेग धरून चालते. हातभट्टीच्या दारूला ना लेबल, ना ठरलेली तीव्रता. शिवाय "किती पिता?" याचं उत्तर म्हणजे इथे गुन्ह्याची कबुलीच.

म्हणून गोपनीयता आधी समजावून सांगा, नातेवाईकांना बाहेर बसवा, पेशंटच्याच मापात विचारा. आणि हा इतिहास प्रस्तावनेत शोभेला ठेवू नका. तो तुमच्या पद्धतीचा भाग आहे.